वीस टक्के शक्यता असताना काय करायचं?

मुंबईत, पुण्यात किंवा कोकणात एक मोठा पाऊस होऊन गेला की दोन दिवसांत वाद ठरलेला. एक बाजू म्हणते हवामान खात्यानं काही सांगितलंच नव्हतं, दुसरी बाजू आदल्या दिवशीच्या ऑरेंज अलर्टचा स्क्रीनशॉट टाकते, तिसरा येऊन विचारतो की मग ऑरेंज का, रेड का नाही, आणि या सगळ्यात कोणीतरी हमखास लिहितं की युरोपात बघा, तिकडे मिनिटामिनिटाचा अंदाज बरोबर येतो, आपल्याकडेच ही बोंब. मी जर्मनीत राहतो, ऱ्हाईन नदीच्या पट्ट्यात, आणि हे वाक्य वाचलं की प्रत्येक वेळी मला आर नदीचं खोरं आठवतं.

आर ही ऱ्हाईनला मिळणारी छोटी नदी, साधारण ८५ किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना उतारांवर द्राक्षांचे मळे, मधे चिंचोळी दरी आणि त्या दरीत नदीला चिकटून गावं. उन्हाळ्यात एरवी बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाणी. १४ जुलै २०२१ च्या रात्री या नदीनं १३० हून जास्त माणसं नेली. अख्ख्या जर्मनीत त्या पुरात १८० च्या वर माणसं गेली.

आणि पावसाची कल्पना नव्हती असं अजिबात नाही. युरोपची जी पूर-इशारा यंत्रणा आहे तिच्याकडून पश्चिम जर्मनीतल्या नद्यांबद्दल १० जुलैपासूनच इशारे जायला लागले होते, जर्मन हवामान खात्यानं अतिवृष्टीचा इशारा दिला होता. गोची झाली ती नेमकी किती आणि नेमकी कुठे यावर. आल्टेनआर नावाच्या गावाजवळ नदीची पातळी मोजायचं केंद्र आहे, तिथला तोपर्यंतचा विक्रम होता ३.७१ मीटर, २०१६ चा. त्या दुपारी अंदाज आला की पाणी ५ मीटरच्या वर जाईल, म्हणजे विक्रमापेक्षा दीड मीटर जास्त. मग संध्याकाळी नव्या आकड्यांवर गणित पुन्हा चाललं आणि अंदाज ४ मीटरच्या आसपास खाली आला. आणि त्यानंतर दोन-तीन तासांत तो ७ मीटरकडे गेला, तोपर्यंत मोजणारं यंत्रच पुरानं वाहून नेलं होतं. जिल्ह्यानं आपत्ती जाहीर करून नदीच्या दोन्ही काठांवरची ५० मीटरच्या आतली घरं रिकामी करायला सांगितली ती रात्री ११ नंतर, तेव्हा वरच्या गावांत लोक छपरांवर बसलेले होते.

मला त्या संध्याकाळच्या खाली आलेल्या अंदाजाचा विचार करून अस्वस्थ व्हायला होतं. कारण मॉडेलनं काही गुन्हा केला नव्हता. मॉडेल दर काही तासांनी ताज्या माहितीवर चालतं आणि उत्तर वर-खाली होणारच, तो त्याचा स्वभाव आहे. पण बघणाऱ्या माणसाला दिसतो एकच आकडा, आणि तो उतरला की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. दुपारी ५ आणि संध्याकाळी ४ याचा खरा अर्थ हा होता की आम्हाला पक्कं माहीत नाहीये, ४ असू शकेल नाहीतर ७ सुद्धा असू शकेल, आणि यातला कुठलाही आकडा आला तरी विक्रम मोडतोय. हे कोणी त्या भाषेत सांगितलं नाही, आणि ज्याला निर्णय घ्यायचा होता त्यानं खात्रीची वाट बघितली.

त्याच महिन्यात पुढे काय झालं बघा. २० जुलैला चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलीमीटर पाऊस पडला. तिथल्या हवामान खात्यानं लागोपाठ रेड अलर्ट दिले होते, तरी मेट्रो चालू राहिली आणि एका गाडीत पाणी भरून १४ प्रवासी गेले. आणि २२ जुलैला आपलं चिपळूण. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोक दुसऱ्या मजल्यावर अडकले, एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि तिथले ८ रुग्ण दगावले. त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलीमीटरची नोंद झाली आणि महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. नऊ दिवसांत तीन देश. श्रीमंती वेगळी, राज्य करायची पद्धत वेगळी, यंत्रं वेगळी, पण इशारा आणि कृती यांच्यामधला खड्डा तिन्हीकडे सारखाच.

आता हा अंदाज इतका अवघड का, हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपला सगळा राग चुकीच्या पत्त्यावर जातो. मोठ्या नदीचा पूर वरून खाली येतो, वरच्या गावात पातळी मोजली की खालच्या गावाला एक-दोन दिवस मिळतात, केंद्रीय जल आयोग हेच काम वर्षानुवर्षं करतोय आणि बऱ्यापैकी करतो. अचानक येणाऱ्या पुराचं तसं नसतं. पाऊस पडला की सहा तासांच्या आत, कधी तासाभरात पाणी दारात. म्हणजे नदी मोजून उपयोग नाही, पाऊस पडायच्या आधीच तो कुठे पडेल हे सांगावं लागतं, आणि हा पाऊस पडतो लहान लहान ढगांच्या गठ्ठ्यांतून, जे काही किलोमीटर इकडे-तिकडे सरकले की पाणी शेजारच्या नदीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला आणि तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. समजा कोणी आदल्या दिवशी सांगितलं असतं की मुंबई परिसरात कुठेतरी भयंकर पाऊस होईल, तर तो अंदाज बरोबर धरायचा की चूक? कुलाब्याचा माणूस म्हणणार चूक.

भारताकडे २०२५ च्या मे महिन्यापासून ६ किलोमीटरच्या जाळीचं मॉडेल आहे, म्हणजे नकाशाचे साधारण ६ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचं गणित करणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं, आधीचं १२ किलोमीटरचं होतं. ही खरंच मोठी गोष्ट आहे, जगभराच्या हवामानाचं गणित इतक्या बारीक जाळीवर रोज चालवणं सोपं नाही. जर्मनीचं स्वतःच्या भागापुरतं मॉडेल साधारण २ किलोमीटरचं आहे. पण पुण्याचा आंबील ओढा घ्या, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ज्यानं सहकारनगर, अरण्येश्वर भागात हाहाकार केला आणि ज्या पावसानं पुणे परिसरात २० हून जास्त बळी घेतले, तो अख्खा ओढा अशा जाळीच्या मोजक्या चौकटींत मावतो. जाळी कितीही बारीक केली तरी ढग नेमका कुठल्या चौकटीत उभा राहील हे दोन दिवस आधी सांगता येत नाही, ते पुण्यातही येत नाही आणि बर्लिनलाही येत नाही.

बरं रडार? रडार पाऊस मोजत नाही, ते थेंबांवरून परत येणारा सिग्नल मोजतं आणि त्यावरून पावसाचा हिशोब लावतं, थेंब मोठे की बारीक यावर तो हिशोब बराच चुकू शकतो. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे किरण जसजसा लांब जातो तसतसा जमिनीपासून वर वर जातो, दीडशे किलोमीटरवर तो दोन-अडीच किलोमीटर उंचीवर असतो. सह्याद्रीच्या घाटात बराचसा पाऊस खालच्या थरातल्या बुटक्या ढगांतून पडतो, रडार त्यांच्या डोक्यावरून बघत राहतं. चिपळूण मुंबईच्या आणि गोव्याच्या दोन्ही रडारांपासून लांब पडतं, आणि तिथल्या माणसानं मोबाईलवर रडारचं चित्र बघून 'काही नाहीये' म्हणणं किती धोक्याचं आहे हे मला वाटतं शाळेत शिकवायला हवं.

पाऊस अगदी बरोबर सांगितला तरी पुढचं राहतंच. जमीन आधीच भिजून टम्म आहे का, भरती कधी आहे, धरणातून पाणी येतंय का. आरच्या खोऱ्यात झाडं, गाड्या, लाकडाचे ओंडके पुलांच्या कमानींत अडकले, पूल धरणासारखे तुंबले आणि मग फुटले, एकामागून एक. कुठला पूल कधी तुंबेल हे कुठल्याच मॉडेलमध्ये नसतं. आपल्याकडे ओढ्यावरच्या मोरीत काय काय अडकतं हे पुणेकरांना सांगायला नको.

म्हणून मला 'अंदाज चुकला' हा वाद फार पुढे नेणारा वाटत नाही. अचानक पुराचा अंदाज टक्क्यांतच येणार. आज जगातली चांगली केंद्रं करतात काय, तर एकच मॉडेल सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून अनेक वेळा चालवतात, जर्मनीत अशी वीस उत्तरं एकदम निघतात, आणि मग बघतात की वीसपैकी कितींमध्ये या दरीत भयंकर पाऊस दिसतोय. चारांत दिसला तर ढोबळमानानं वीस टक्के. हे वीस टक्के दुबळेपणा नाहीये, तीच खरी माहिती आहे. प्रश्न आहे या माहितीवर कोणी काय करायचं.

आणि इथे घरच्या आणि इथल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. २०१७ साली बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसात तक्रार दिली, की तुम्ही चांगला पाऊस सांगितलात, आम्ही पेरलं, पाऊस आला नाही, तुमचं बियाण्यांच्या आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांशी साटंलोटं आहे. इथे आरच्या पुरानंतर सरकारी वकिलांनी जिल्ह्याच्या प्रमुखाविरुद्ध निष्काळजीपणानं माणसं मेल्याची चौकशी केली, लोकांना वेळेत हलवलं का नाही म्हणून, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ती बंद केली, कारण लवकर इशारा दिला असता तर नक्की कोण वाचलं असतं हे फौजदारी खटल्याला लागेल इतक्या खात्रीनं सिद्ध करता येत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. गेलेल्यांच्या घरच्यांना ते ऐकून काय वाटलं असेल याची मी कल्पनाच करू शकतो. एकीकडे सांगितलं ते झालं नाही म्हणून तक्रार, दुसरीकडे जे होणार होतं त्यावर हललं नाही म्हणून चौकशी. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, त्याचं पेरलेलं गेलं. पण मधे बसलेल्या तहसीलदाराच्या, मुख्याधिकाऱ्याच्या, धरणावरच्या अभियंत्याच्या जागी उभं राहून बघा. इशारा देऊन काही झालं नाही तर टिंगल आणि नुकसानीचा ठपका लगेच, दुसऱ्या दिवशी. इशारा न देता काही झालं नाही तर कोणाला कळतही नाही. वर्षातले बहुतेक दिवस काही होतच नाही. अशा वेळी माणूस थांबणारच, जर्मन असो की मराठी.

धरणाचं तर फारच अवघड. २५ जुलै २०२४ ला पुण्यात एकतानगरीत पहाटे घरांत पाणी शिरलं, खडकवासल्यातून मुठेत विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास नेलेला होता, आणि आम्हाला कोणी सांगितलंच नाही हा लोकांचा राग अगदी रास्त होता, माणसं झोपेत होती. त्या वेळी मोठी चर्चा झाली की धरण आधीच रिकामं का नाही केलं. खडकवासला लहान आहे, त्याची क्षमता दोन टीएमसीपेक्षाही कमी, घाटात एक रात्र जोरात झाली की ते भरतं. आधी रिकामं करायचं म्हणजे कालच्या अंदाजावर पाणी सोडायचं, आणि अंदाजातला पाऊस डोंगराच्या पलीकडे पडला तर उन्हाळ्यात पाणीकपातीच्या वेळी त्याच अभियंत्याचं नाव निघणार. त्यानं किती टक्के शक्यतेवर दरवाजा उघडायचा हे त्याला कोणी लिहून दिलंय? चिपळूणला कोळकेवाडीच्या पाण्यावरून, कोयनेच्या वीजनिर्मितीचं जे पाणी तिथे येऊन पुढे वाशिष्ठीत जातं त्यावरून, केवढी भांडणं झाली. त्या भांडणातही सगळा भर 'सोडलं की नाही सोडलं' यावर, 'केव्हा सोडायचं हे आधी ठरलं होतं का' हे फार कमी जणांनी विचारलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कृतीची किंमत बघून टक्के ठरवा, आणि ते पाऊस यायच्या आधी ठरवा. गाव रिकामं करणं महाग आहे, त्याला साठ-सत्तर टक्के शक्यता लागेल, ठीक आहे. पण सगळ्याच गोष्टी महाग नसतात! आर जिथे ऱ्हाईनला मिळते त्या झिन्झिग गावात अपंगांच्या निवासात १२ जण बुडून गेले, तळमजल्यावर. इमारतीला वरचा मजला होता. संध्याकाळी सहा वाजता, अंदाज ४ मीटर की ७ मीटर हे कोणालाही माहीत नसताना, त्या माणसांना एका रात्रीपुरतं वर झोपवायला काय लागलं असतं? दोन-चार माणसं आणि एक तास. पूर आला नसता तर सकाळी परत खाली आणलं असतं, थोडी गैरसोय, बस. ही गोष्ट दहा टक्के शक्यतेवरसुद्धा करायची असते. चिपळूणच्या त्या रुग्णालयाचंही तेच, वीज आणि ऑक्सिजन पुराच्या पातळीच्या वर ठेवणं ही पावसाळ्याच्या आधीची गोष्ट आहे आणि अत्यवस्थ रुग्ण हलवायची तयारी ही अलर्टच्या दिवशीची. तळघरातल्या पार्किंगला दोरी बांधणं, सखल पुलाला बॅरिकेड लावणं, रात्रपाळीला एक माणूस जागा ठेवणं, झोपडपट्टीच्या ओढ्याकडच्या रांगेतल्या लोकांना शेजारच्या शाळेचा हॉल उघडून देणं. या सगळ्याला खात्री लागत नाही.

गंमत वाटेल पण हे भारताला येतं. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती, आणि २०१९ ला फनी आलं तेव्हा राज्यानं दहा लाखांहून जास्त लोक आधीच हलवले आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. चक्रीवादळाचा मार्गही नक्की नसतो, नकाशावर तो शंकूसारखा पसरलेला दाखवतात, आणि त्या शंकूतल्या कितीतरी गावांना शेवटी काहीच होत नाही. तरी तिथे कोणी म्हणत नाही की आमच्या गावात वादळ आलंच नाही, उगाच हलवलं. कारण वर्षानुवर्षं तो नियम रुजलाय, शंकूत आलात की हलायचं. जर्मनीनं हे ओडिशाकडून शिकावं असं मी इथल्या लोकांना सांगतो तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं. अर्थात चक्रीवादळ तीन-चार दिवस देतं आणि ओढा तीन-चार तास, म्हणून ओढ्यासाठी नियम लहान आणि गल्लीपुरते हवेत, आणि अलर्टचा नकाशाही तितकाच लहान हवा. रत्नागिरी जिल्हा ८ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे, मंडणगडपासून राजापूरपर्यंत एकच लाल रंग लावला तर त्या लाल रंगाखालच्या बहुतेक लोकांना त्या दिवशी ऊन दिसणार, आणि पुढच्या वेळी ते बघणारही नाहीत. दक्षिण आशियासाठी अचानक पुरांची मार्गदर्शन यंत्रणा हवामान खात्याकडे २०२० पासून आहे, ती लहान पाणलोटांच्या पातळीवर सहा तास आधी धोका आणि चोवीस तास आधी जोखीम दाखवते. मुंबईत त्याच वर्षी वॉर्डनिहाय पूर-इशाऱ्याची यंत्रणा सुरू झाली. म्हणजे माहिती बारीक व्हायला लागलीये, पण चर्चा मात्र अजून जिल्ह्याच्या रंगावरच अडकलीये.

लोकांना खोट्या इशाऱ्यांची सवय होईल, लांडगा आला रे आला होईल, हा आक्षेप मी दोन्हीकडे ऐकतो. तो अगदीच पोकळ नाहीये. पण इथला एक अनुभव सांगतो. आरच्या पुरानंतर इथल्या नगरपालिका बऱ्याच सावध झाल्या. मी राहतो तिथे एका उन्हाळ्यात शनिवारी मैदानावर मोठा कार्यक्रम होता, मंडप, लहान मुलांचे खेळ, सगळं. दुपारी वादळी पावसाचा इशारा आला आणि चार वाजता त्यांनी सगळं बंद केलं. पाऊस आमच्याकडे आलाच नाही, नदीच्या पलीकडे गेला, आम्हाला लांबून विजा दिसत होत्या. लोक चिडले, स्टॉलवाले तर फारच. सोमवारी पालिकेनं एक साधं पानभर निवेदन लावलं, की दुपारी आमच्याकडे आलेली शक्यता इतकी होती, मैदानावर इतकी माणसं होती, बाहेर पडायला एकच रस्ता आहे, आमचा नियम असा आहे की इतक्या शक्यतेला मैदान रिकामं करायचं, आणि पुढच्या वेळीही आम्ही हेच करू. सोबत रडारचं चित्र, वादळ किती किलोमीटरवरून गेलं ते. माफी नाही, सारवासारव नाही. शेजारचे आजोबा, जे शनिवारी सगळ्यात जास्त बडबडत होते, ते निवेदन वाचून म्हणाले, ठीक आहे, हिशोब आहे. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा कार्यक्रम थांबवला तेव्हा कुरकुर बरीच कमी होती. लोकांना चुकलेला अंदाज सहन होतो, पण का थांबवलं हेच कोणी सांगत नसेल तर सहन होत नाही.

हे निवेदन आपल्याकडे निघायला काय हरकत आहे? रेड अलर्ट दिला, शाळांना सुट्टी दिली, ऊन पडलं, मग मीम्स आले, आणि प्रशासन गप्प. दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयानं दोन परिच्छेद लिहावेत की पाऊस कुठे गेला, शक्यता किती होती, सुट्टी का दिली. हवामान खात्याच्या बातमीपत्रात 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' असतं, म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी, हे तरी लोकांना कळेल. अमेरिकेत हवामान सेवा आपल्या अचानक पुराच्या इशाऱ्यांचा हिशोब ठेवते, किती खरे ठरले, किती फुकट गेले, किती पूर इशाऱ्याविना आले, सरासरी किती मिनिटं आधी सांगितलं. असा तालुकानिहाय हिशोब आपल्याकडे दर नोव्हेंबरला छापला जावा, सगळा, चांगला वाईट.

अमेरिकेचं नाव घेतलं तर टेक्सासही सांगायला हवं, नाहीतर एकांगी होईल. ४ जुलै २०२५ ला ग्वादालुपे नदी पाऊण तासात २६ फूट चढली, १३० हून जास्त माणसं गेली, त्यात नदीकाठच्या शिबिरातल्या लहान मुली. आदल्या दुपारी सावधगिरीचा इशारा होता, रात्री १ वाजून १४ मिनिटांनी पुराचा इशारा निघाला, चार वाजता आणीबाणीचा. अंदाजाच्या मानानं बघितलं तर वेळ कमी नव्हता. पण रात्र होती, सुट्टीचा आठवडा होता, माणसं झोपलेली, दरीत मोबाईलला रेंज धड नाही आणि नदीकाठी भोंगे नव्हते. म्हणजे पुन्हा तेच, पहिल्या इशाऱ्याला, जेव्हा शक्यता कमी असते आणि उजेड असतो, तेव्हा काय करायचं हे ठरलेलं नव्हतं.

जर्मनीनं पुरानंतर एक गोष्ट केली ती मला मनापासून पटते, २०२३ च्या फेब्रुवारीपासून मोबाईल टॉवरवरून थेट फोन किंचाळवणारी सोय सुरू केली, ॲप लागत नाही, नंबर लागत नाही, फोन सायलेंटवर असला तरी बहुतेक वेळा वाजतो. भारतातही २०२३ मध्ये याच्या चाचण्या झाल्या, खूप जणांना तो मोठा आवाज आठवत असेल, दचकून लोकांनी एकमेकांना विचारलं होतं. ती सोय महाराष्ट्रात ओढ्याकाठच्या वस्त्यांसाठी, मराठीत, आणि काय करायचं ते एका ओळीत सांगत वापरली जावी. 'मुसळधार पावसाची शक्यता' हे वाचून कोणी उठत नाही. 'ओढ्यालगतच्या खोल्या आत्ता सोडा, शाळेचा हॉल उघडा आहे' हे वाचून उठतो. पण हा मेसेज रात्री दोन वाजता पाठवायचा तर हॉलची किल्ली कोणाकडे हे दुपारी माहीत हवं.

आणि एक गोष्ट जी दोन्हीकडे कोणालाच ऐकायची नसते. आरच्या खोऱ्यात १८०४ आणि १९१० ला असेच भीषण पूर येऊन गेले होते, १९१० ला रेल्वेचं काम करणारे मजूर मोठ्या संख्येनं वाहून गेले. हे सगळं नोंदलेलं होतं. पण धोक्याचे नकाशे बनवताना अलीकडच्या काही दशकांतली मोजमापं धरली आणि ते जुने पूर बाहेर राहिले, त्यामुळे २०२१ ला जिथे पाणी पोचलं ती कितीतरी घरं नकाशावर सुरक्षित होती. आता पुन्हा बहुतेक घरं त्याच जागी उभी राहिलीयेत, मोजक्यांनाच परवानगी नाकारली. मी तिथे गेलो होतो, एका घराच्या भिंतीवर पाण्याची खूण केलीये, तळमजल्याच्या खिडक्यांच्या वर, माझ्या डोक्याच्या बरंच वर, आणि त्याच घरात खाली नवीन फरशी बसवायचं काम चालू होतं. मला त्या माणसाला नावं ठेवाविशी वाटली नाहीत, त्याचं घर आहे ते, विमा त्याच जागेवर बांधायला पैसे देतो, जाणार कुठे. चिपळूणला लाल-निळ्या पूररेषेला, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषांना, जो विरोध झाला तोही मी असाच समजतो, अख्खं जुनं शहर रेषेच्या आत येतंय, बांधकाम थांबतंय, लोक म्हणतात आधी नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा. गाळ काढायलाच हवा. पण रेषेच्या आत राहायचं ठरवलं असेल तर तिथे राहणाऱ्यांसाठी अंदाजाचे टक्के वेगळे लागतील, बाकीच्या शहरापेक्षा कितीतरी कमी शक्यतेवर हलावं लागेल, आणि हे बोलून ठरवावं लागेल, वॉर्डात, माणसं समोर बसवून.

म्हणून आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, सोसायटीच्या चेअरमनला पुढच्या पावसाळ्याआधी हे विचारा. आपल्या ओढ्याला किती शक्यतेला पार्किंग रिकामं करायचं, किती शक्यतेला तळमजल्यावरची म्हातारी माणसं वर न्यायची, तो निर्णय कोण घेणार आणि तो नसेल तर दुसरा कोण, आणि पूर आला नाही तर त्या माणसाला निलंबित करणार नाही असं लेखी कोण देणार. यातलं शेवटचं मिळवणं सगळ्यात अवघड आहे, इथे जर्मनीतही ते अजून कोणी दिलेलं नाही.